लाइव्हची धास्ती: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नव्या बातमीदारांसाठी क्रमवार तयारी

दर पावसाळ्यात, तापीला पहिला पूर आला की मला चार-पाच फोन येतात. कुणी यावलचा असतो, कुणी शहाद्याची. ‘ताई, लाइव्ह झालं, पण मधेच डोक्यातून सगळं पुसलं गेलं.’ मी तीनच गोष्टी विचारते. पहिला प्रश्न कोणता येणार हे डेस्कला (चॅनेलच्या ऑफिसात बातम्या सांभाळणाऱ्यांना) विचारलं होतं का? हातात काय होतं? शेवटचं पाणी कधी प्यायलात? उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. विचारलं नव्हतं. हातात अख्खी बातमी लिहिलेला कागद होता. सकाळी चहा घेतला, तेवढाच.

म्हणजे तयारी झालेली असते, पण उलट्या क्रमाने. आधी केस, मग फ्रेम, मग नेटवर्क, आणि माहिती सगळ्यात शेवटी, तीही घोकून. पुढच्या मिनिटात काय होणार हे ठाऊक नसलं की छाती धडधडते. कॅमेरा निमित्त असतो. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तुम्ही स्ट्रिंगर (बातमीमागे मानधन घेणारे) असा, स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवत असा किंवा मोठ्या चॅनेलचे जिल्हा प्रतिनिधी असा, क्रम बदलत नाही.

१. घरून निघण्याआधी: पिशवी

लाइव्हची पिशवी वेगळी ठेवा आणि ती कायम भरलेली असू द्या. फोन आल्यावर चार्जर शोधत घरभर फिरलात की अर्धी घाबरगुंडी तिथेच सुरू होते.

- दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, शक्यतो दोन वेगळ्या फोनमध्ये. एकावरून लाइव्ह, दुसरा हॉटस्पॉटसाठी आणि डेस्कशी बोलायला.
- वायरचा इअरफोन. ब्लूटूथवाला नेमका वेळेवर उतरतो, आणि घामाने कानातून घसरतो तो वेगळाच.
- पॉवर बँक, दोन केबली, माइकचे सेल, माइकवर चढवायचा फोम.
- जाड प्लॅस्टिकची पिशवी (पावसात फोनसाठी), रुमाल, पाण्याची बाटली.
- जाड कोरं कार्ड आणि दोन पेन. कार्डासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम. खान्देशात एप्रिल-मे संपला की प्रत्येक घरात गठ्ठा असतो.

पुठ्ठाच का, तर हात थरथरला की पातळ कागद फडफडतो. ती फडफड स्क्रीनवर दिसते, आणि तुम्हालाही दिसते. आपला हात कापताना पाहिला की तो आणखी कापतो.

मुलींसाठी एक वेगळी सूचना. ओढणीवर कॉलर माइक लावू नका, कापड घासल्याचा आवाज शब्दांपेक्षा मोठा येतो. कुर्त्याच्या पट्टीला लावा आणि ओढणी पिन करून मागे घ्या. आणि जागेवर पोहोचण्याआधी वाटेतल्या एखाद्या ओळखीच्या घरी किंवा पेट्रोल पंपावर थांबून मोकळ्या होऊन घ्या. धरणावर, शेतात, महामार्गाच्या कडेला ती सोय नसते. मग पाणी प्यायचं टाळलं जातं, पाणी टाळलं की तोंड कोरडं पडतं, आणि पुढचं सगळं तिथून बिघडत जातं.

> तपासा: दोन्ही फोन ८० टक्क्यांच्या वर चार्ज आहेत? लाइव्हच्या फोनवर डू नॉट डिस्टर्ब चालू आणि बॅटरी सेव्हर बंद आहे? मामेभावाचा साधा कॉल आला तरी चालू लाइव्ह तुटू शकतं.

२. जागेवर पोहोचल्यावर पहिलं काम: पाच ओळींचं कार्ड

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फ्रेम नंतर.

सगळ्यात मोठी चूक आहे पाठांतर. दोन मिनिटांची बातमी शब्दशः पाठ केली की ती साखळीसारखी होते: एक कडी निसटली की पुढची सगळी गेली. अँकरने मधेच वेगळा प्रश्न टाकला तर संपलंच. म्हणून वाक्यं लिहू नका, ओळी लिहा. पाचच.

1. काय झालं, कुठे. गाव आणि तालुका दोन्ही. नुसतं ‘पिंप्री’ म्हटलं तर आपल्याकडे दहा ठिकाणचे लोक घाबरतात.
2. किती. आकडा, त्याचं एकक आणि तो किती वाजताचा आहे.
3. हे कुणी सांगितलं.
4. लोकांवर आत्ता काय परिणाम आहे, त्यांनी काय करायचं.
5. अजून काय कळलेलं नाही.

एक नमुना बघा. हतनूरवरून लाइव्ह आहे, आणि समजा विसर्ग (धरणातून सुटणारं पाणी) एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट आहे. कार्डावर एवढंच:

*हतनूर, ता. भुसावळ. ४१ दरवाजे पूर्ण उघडे.*
*१ लाख क्युसेक, दु. १२ वा.*
*जलसंपदा, पूर नियंत्रण कक्ष.*
*तापीकाठच्या गावांना इशारा. पात्रात उतरू नका, गुरं नेऊ नका.*
*नाही माहीत: रात्री विसर्ग वाढणार का.*

अक्षर मोठं ठेवा. हात लांब करून, ऊन डोळ्यांवर असताना वाचता आलं पाहिजे.

पाचवी ओळ नवे लोक हमखास गाळतात, आणि धीर देते ती नेमकी हीच. ‘अडचणीचा प्रश्न आला तर?’ ही भीती लाइव्हच्या आधी मानेवर बसलेली असते. काय माहीत नाही हे तुम्ही आधीच लिहून ठेवलं असेल तर तो प्रश्न आल्यावर दचकायला होत नाही. उत्तर तयार असतं: अजून कळलेलं नाही, अमुक विभाग संध्याकाळी सांगणार आहे.

आता एककं. माझं पहिलं लाइव्ह हतनूरवरचंच. अधिकाऱ्यांनी आकडा क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) दिला होता, मी घाईत तो क्युसेक म्हणून वाचला. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. एका शब्दात मी पस्तीसपट पाणी आटवलं! दुसऱ्या दिवशी चोपड्याकडच्या एका नानांचा फोन आला, ‘ताई, तुमच्या हिशोबाने तं पाणी पायरीलाही लागत नव्हतं.’ तेव्हापासून एकक मी आकड्याआधी लिहिते.

आपल्या भागात वारंवार चुकणाऱ्या आणखी काही गोष्टी कार्डाच्या मागच्या बाजूला कायमच्या लिहून ठेवा:

- एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर. धरणाचा साठा आणि विसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पाणी किती आहे ते सांगतो, दुसरा किती वेगाने सुटतंय ते.
- महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. ढगफुटी म्हणजे एका तासात साधारण १०० मिलिमीटर. जोराची सर आली की ‘ढगफुटीसदृश’ म्हणून मोकळं व्हायची सवय सोडा.
- गिरणा धरण नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात आहे. पाणी जळगाव जिल्ह्याला मिळतं म्हणून धरण जळगावचं होत नाही.
- वादळात केळीची बाग आडवी झाली की ‘कोट्यवधींचं नुकसान’ हा शब्द तोंडात तयारच असतो. पंचनामा झाला आहे का ते विचारा. झाला नसेल तर तसंच सांगा.

> सावध: अल्पवयीन मूल किंवा लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती बातमीत असेल तर नाव, घर, शाळा, नातेवाइकांचे चेहरे, काहीच नको. पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ यासाठीच आहेत. लाइव्हला ब्लर करायला कुणी बसलेलं नसतं. कॅमेरा त्या गल्लीकडे वळवायचाच नाही, हे कॅमेरामनशी आधी बोला.

३. जागा: आधी कान, मग डोळे

नवीन माणूस फ्रेम बघतो. तुम्ही डोळे मिटा आणि अर्धा मिनिट नुसतं ऐका. जनरेटर, डीजे, उसाचा ट्रॅक्टर, भुसावळला असाल तर स्टेशनवरची घोषणा. ज्या आवाजात तुम्हाला स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नाही, तिथे तुम्ही नकळत ओरडणार. ओरडलात की श्वास तुटणार, आणि श्वास तुटला की लोकांना तुम्ही घाबरलेले दिसणार, नसलात तरी.

मग वारा. धरणाजवळ, पुलावर, सातपुड्याच्या घाटात वाऱ्याला पाठ करून उभं राहा, म्हणजे तुमचं अंग माइकला आडोसा देतं. फोम चढवलेला असू द्या.

मग ऊन. पूर्ण सावली किंवा पूर्ण ऊन. अर्धा चेहरा लिंबाच्या सावलीत आणि अर्धा झळीत नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा फोनचाही विचार करा. आयफोनसाठी कंपनी ३५ अंशांपर्यंतचं हवामान योग्य सांगते. आपल्याकडे सकाळी दहालाच ते ओलांडलेलं असतं. फोन तापला की स्क्रीन मंद होते, चित्र अडखळतं, शेवटी फोन बंद पडतो. म्हणून कव्हर काढा, लाइव्हच्या वेळी चार्जिंग लावू नका, आणि वेळ येईपर्यंत फोन ओल्या रुमालाजवळ सावलीत ठेवा. रुमालात गुंडाळू नका.

नेटवर्क यानंतर बघा, पण वेळ राखून बघा. अपलोडचा वेग मोजा, डाउनलोडचा नाही. चार-पाच एमबीपीएस अपलोड सलग मिळत असेल तर निश्चिंत राहा. दोनच्या खाली असेल तर डेस्कला आधीच सांगा की फोनो (चित्राशिवाय, फोनवरून नुसता आवाज) घ्या. रावेर-यावलच्या उंच केळीबागांत आत शिरलात की रेंज पडते, बांधावर या. धडगाव-मोलगीकडे असाल तर गावातल्या पोरांना विचारा. कोणत्या टेकाडावर कोणत्या कंपनीच्या किती दांड्या येतात ते त्यांना तोंडपाठ असतं. गर्दी जमायच्या आधी वेग चांगला असतो आणि नंतर पडतो. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा सभेच्या मैदानात सकाळी मोजलेला वेग संध्याकाळी गृहीत धरू नका.

> सावध: पाण्यात उतरून लाइव्ह करू नका, गुडघाभरसुद्धा नाही. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका. विजा कडाडत असतील तर झाडाखाली किंवा मोकळ्या शेतात उभं राहू नका, गाडीत बसून फोनो द्या. त्या शॉटसाठी डेस्क कितीही आग्रह धरू दे.

४. डेस्कशी पाच मिनिटं

आम्हा जिल्ह्यातल्या लोकांना मुंबईच्या डेस्कला प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. ‘यांना एवढंही कळत नाही’ असं वाटेल म्हणून गप्प बसतो, आणि मग अंधारात उडी मारतो. विचारा. चांगला प्रोड्युसर न कंटाळता सांगतो. घाईतला वैतागेल, पण सांगेल.

- पहिला प्रश्न साधारण काय असेल?
- किती वेळ: चाळीस सेकंद की तीन मिनिटं?
- माझ्यासोबत पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत कोण आहे? एखादा नेता असेल तर वाद माझ्यावर ढकलला जाणार का?
- व्हिज्युअल्स कोणते चालवणार? ते आजचेच आहेत ना?

शेवटचा प्रश्न विसरू नका. तुम्ही ‘पाणी ओसरतंय’ म्हणताय आणि पडद्यावर मागच्या वर्षीचा पूर धो-धो वाहतोय, असं होतं. शिव्या तुम्हाला पडतात.

मग कान तपासा. अँकरचा आवाज स्पष्ट येतो का? तुमचाच आवाज दीड-दोन सेकंदांनी परत कानात येतो का? येत असेल तर त्यावर बोलायचा प्रयत्नही करू नका. स्वतःचा उशिरा आलेला आवाज ऐकत बोलताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. पीसीआरला (स्टुडिओच्या कंट्रोल रूमला) स्पष्ट सांगा: ‘माझा आवाज मला परत येतोय, तो काढा.’ वेळ नसेल तर प्रश्न ऐकून झाल्यावर इअरफोन कानातून जरा सैल करा, बोलणं संपत आलं की पुन्हा नीट बसवा.

किती लोकांनी ही एक अडचण ‘माझी भीती’ समजून वर्षानुवर्षं वागवली असेल, देव जाणे.

५. शेवटची दहा मिनिटं: अंग

धडधड जाणार नाही. मला आजही होते. अंगात अॅड्रेनॅलिन सुटलेलं असतं, त्याने हृदय जोरात चालतं, लाळ आटते, हात थरथरतात, आणि वेळ लांबल्यासारखा वाटतो. हे शेवटचं लक्षात ठेवा: तुम्हाला दहा सेकंदांची वाटलेली शांतता बघणाऱ्याला दोन सेकंदांची असते.

क्रमाने करा:

1. साधं पाणी, तीन-चार घोट. या वेळी चहा नको, थंडगार सोडाही नको. पुडी खाल्ली असेल तर चूळ भरा. दातांत अडकलेला तुकडा अख्ख्या महाराष्ट्राला दिसतो.
2. चार मोजत नाकाने श्वास आत, सात-आठ मोजत तोंडाने हळूहळू बाहेर. सहा वेळा. बाहेरचा श्वास लांब हवा, त्याने ठोके खाली येतात. घाईघाईने खोल श्वास ओढत राहिलात तर उलट चक्कर येईल.
3. पाय खांद्याइतके फाकवून, दोन्ही पायांवर सारखा भार. एका पायावर रेलून उभे राहिलात की बोलताना डोलता.
4. बूम (हातातला माइक) धरलेल्या हाताचं कोपर बरगडीला टेकवा. थरथर निम्मी होते. माइक हनुवटीच्या खाली चार बोटं.
5. पहिलं वाक्य मोठ्याने तीनदा म्हणा. मनात नव्हे, मोठ्याने. जमलेले लोक बघतील, बघू द्या.

आता बोलीबद्दल, कारण आपल्याकडच्या पोरापोरींची अर्धी धास्ती तीच असते. ‘पाणी’चं ‘पानी’ होईल, ‘केळी’चं ‘केयी’ होईल, ‘जाई राह्यले’ निघून जाईल. एका मुलीने मला सांगितलं होतं की लाइव्हमध्ये तिचं सगळं लक्ष ‘ण’ आणि ‘ळ’वर असतं. मग बातमीवर काय राहणार? ही दुरुस्ती घरी करायची असते, दहा मिनिटं आधी नाही. त्या दिवशीच्या बातमीतले चार-पाच शब्द (पाणी, केळी, धरण, मंडळ, पाळधी) सकाळी दहादा मोठ्याने म्हणा आणि सोडून द्या. उभं राहिल्यावर जे तोंडी येईल ते येऊ द्या. एखादा ‘न’ घसरला म्हणून कुणी चॅनेल बदलत नाही, आकडा चुकला तर मात्र लोक विश्वास सोडतात. आणि समोरच्या आजीला अहिराणीत बोलू द्या. तिचं झाल्यावर तुम्ही एका वाक्यात सार सांगा. तिला प्रमाण मराठीत बोलायला लावलंत की तीही बुजते आणि बाईट (तिचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) मरतो.

> तपासा: लेन्स पुसली? फोन आडवा लॉक केला? कार्ड डाव्या हातात? मागच्या पोरांना ‘दोन मिनिटं थांबा रे भो, मग तुमचाही घेतो’ म्हणून सांगितलं? (आणि नंतर खरंच घ्या. पुढच्या वेळी तीच पोरं गर्दी आवरतात.)

६. पहिली दहा सेकंदं

पाठ करायचं असेल तर एकच वाक्य करा: पहिलं. ते छोटं, ठोस आणि जागेचं असावं. ‘मी आत्ता हतनूर धरणाखाली उभी आहे, सगळे ४१ दरवाजे उघडे आहेत आणि तापीचं पाणी वाढतंय.’ हे एवढं बाहेर पडलं की पुढचं कार्ड सांभाळतं.

अँकरने नाव घेतल्यापासून ते तुमच्या कानात पोहोचेपर्यंत वेळ जातो. या सेकंदांत इकडेतिकडे बघणं, केस सारखे करणं, ‘हॅलो, हॅलो’ म्हणणं, कॅमेरामनला खुणा करणं, हे सगळं दिसतं. लेन्सकडे बघा, तोंड मिटलेलं ठेवा, प्रश्न पूर्ण ऐका, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. प्रश्न संपायच्या आधी सुरू केलंत की दोघंही एकदम बोलता, दोघंही थांबता, पुन्हा दोघंही बोलता. घाबरलेपणा इतका उघडा दुसऱ्या कशाने पडत नाही.

आणि ‘नक्कीच’ने सुरुवात करू नका. अँकर विचारतो, ‘किती घरांत पाणी शिरलंय?’ आणि आपण म्हणतो, ‘नक्कीच, या ठिकाणी जर आपण पाहिलं तर जे काही पाणी आहे ते कुठेतरी घरांमध्ये शिरल्याचं पाहायला मिळतंय.’ एवढ्या शब्दांत माहिती शून्य. ‘नक्कीच’, ‘या ठिकाणी’, ‘कुठेतरी’, ‘जे काही’, ‘पाहायला मिळतंय’ ही आपण विचार करायला घेतलेली उसनवारी असते. त्या जागी गप्प बसायला शिका. ‘बारा घरांत. सगळे लोक शाळेत हलवले आहेत.’ झालं.

७. मधेच अडखळलात तर

अडखळणारच. चार प्रसंग नेहमीचे आहेत, त्यांची वाक्यं आधीच जिभेवर बसवा.

*डोकं रिकामं झालं.* मागे किंवा बाजूला वळा आणि जे दिसतंय ते सांगा. ‘माझ्या मागे हा पूल दिसतोय, काल रात्री इथून वाहतूक सुरू होती, आत्ता बंद आहे.’ बोलता बोलता कार्डाकडे बघा, उघड बघा. डोळ्यांच्या कडेने चोरून बघणं जास्त वाईट दिसतं. वॉकथ्रूचा (चालत-चालत दाखवत बोलण्याचा) हाच मोठा फायदा आहे: दोन पावलं चाललात की छातीही मोकळी होते आणि पुढचा शब्दही सापडतो.

*उत्तर माहीत नाही.* ‘ती माहिती अजून प्रशासनाने दिलेली नाही. आत्तापर्यंत नक्की झालेलं एवढंच...’ आणि कार्डावरच्या दुसऱ्या ओळीकडे परत या. अंदाज बांधू नका. मृतांचा आकडा, आरोपीचं नाव, अपघाताचं कारण, या तिन्हींत तर मुळीच नाही.

*चुकीचं बोललात.* तिथल्या तिथे, एकदाच, बिनदिक्कत: ‘दुरुस्ती करते, हा आकडा क्युमेकमधला आहे.’ माफीचं भाषण नको, आणि तसंच पुढे रेटणंही नको.

*ऐकू येणं बंद झालं.* ‘स्टुडिओचा आवाज माझ्यापर्यंत येत नाहीये, मी इथली परिस्थिती सांगते’ म्हणा, चौथी ओळ सांगा, वाक्य पूर्ण करून थांबा. कानात बोट घालून ‘काय? काय?’ करत राहू नका.

गर्दीतून कुणी मधे घुसलं, घोषणा द्यायला लागलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. आवाज न चढवता अर्धं वळा, त्याला पाठीशी घ्या आणि बोलत राहा. कॅमेरामन फ्रेम घट्ट करेल. एकटेच असाल, फोन स्टँडवर असेल, तर उभं राहतानाच पाठीमागे भिंत किंवा गाडी येईल अशी जागा धरा.

८. लाइव्हमध्ये कुणाला बोलतं करायचं असेल तर

माइक हातातून सोडू नका. एकदा समोरच्याच्या हातात गेला की तो तुमचा राहत नाही; गावच्या पुढाऱ्याच्या हातात गेला तर स्वागतापासून आभारापर्यंत सगळं ऐकावं लागतं. मोठ्या माणसाला आबा, नाना, काका, मावशी म्हणा, आणि लाइव्हच्या आधीच विचारून घ्या की बोलायला तयार आहात का, काय सांगणार आहात.

आडव्या झालेल्या बागेत उभ्या शेतकऱ्याला ‘तुमच्या काय भावना आहेत?’ विचारू नका. ‘आबा, किती खोडं पडली? घड कापणीला किती दिवस होते?’ असं विचारा. आकडे सांगता सांगता तो स्वतःच जे सांगायचं ते सांगतो. एकदा एका आबांनी प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. वाकून पडलेला घड उचलला, हाताने तोलला आणि पुन्हा खाली ठेवला. मी नशिबाने गप्प राहिले.

ज्यांच्या घरी मृत्यू झालाय त्यांच्या तोंडासमोर लाइव्ह माइक नेऊ नका. तिथे शेजाऱ्याशी, सरपंचाशी बोला, तेही दारापासून दूर.

९. संपल्यावर

तुमचं शेवटचं वाक्य संपलं म्हणजे लाइव्ह संपलं असं नाही. डेस्क ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत लेन्सकडे बघत उभं राहा आणि तोंड मिटलेलं ठेवा. माइक चालूच असतो. ‘सुटलो बुवा एकदाचा’ हे वाक्य मी बातमीत ऐकलेलं आहे, आणि त्याच्या पुढचे दोन शब्दही.

मग पाणी प्या, सावलीत बसा. दहा मिनिटांत कार्डावर नव्या वेळेचा आकडा लिहा, कारण तासाभरात पुन्हा बोलावणं येतं आणि तेव्हा दुपारी बाराचाच आकडा संध्याकाळी वाचला जातो.

रेकॉर्डिंग त्याच रात्री बघू नका; त्या रात्री स्वतःचं सगळंच वाईट दिसतं. दुसऱ्या दिवशी एकदा बघा, आणि एकदा चित्र झाकून नुसतं ऐका. फक्त तीन गोष्टी मोजा: भरतीचे शब्द किती, आकडे-एककं बरोबर का, अँकरचं बोलणं चालू असताना मधेच बोललात का. माझ्या पहिल्या लाइव्हचे ‘नक्कीच’ माझ्या धाकट्या दिराने मोजले होते: दीड मिनिटात अकरा. आईने एवढंच विचारलं, ‘कायले एवढी घाबरली व्हती वं?’ म्हणजे तिला दिसलं होतं.

१०. बातमी नसतानाचा सराव

हा टप्पा शेवटी लिहिलाय, कारण आधी लिहिला असता तर तुम्ही वगळून पुढे गेला असता.

आठवड्यातून तीनदा, दीड मिनिट. फोन स्टँडवर लावा, घरात नको. मेहरूण तलावावर, बाजार समितीच्या फाटकाशी, पांझरेच्या काठी, कुठेही, पण जिथे चार लोक बघतील तिथे. पहिले काही दिवस लोकांच्या नजरेनेच पाय जड होतात. लाइव्हला अंगात जे होतं तेच इथे थोडं-थोडं होऊ द्यायचं असतं, म्हणजे ते ओळखीचं होतं.

पहिल्या आठवड्यात समोर दिसेल ते सांगा, कार्डाशिवाय. दुसऱ्या आठवड्यात पाच ओळींचं कार्ड करून बोला. तिसऱ्या आठवड्यात मित्राला किंवा बहिणीला फोनवरून कानात प्रश्न विचारायला सांगा, आणि त्यांतले दोन तुम्हाला उत्तर येत नाही असेच हवेत, हे तिला बजावून ठेवा. चौथ्या आठवड्यात तिला सांगा की मधेच फोन बंद कर, किंवा ऐकू येणार नाही असं पुटपुट.

त्यात एक खेळ घाला. बोलता बोलता मुद्दाम थांबा, लेन्सकडे बघत मनात तीनपर्यंत मोजा, आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढचं वाक्य बोला. सुरुवातीला दोनवरच ‘नक्कीच’ बाहेर पडेल. तीनपर्यंत गप्प राहता येऊ लागलं, की डेस्कला फोन करा आणि पुढचं लाइव्ह मागून घ्या.